लांडग्याचा वाटा

लगमव्वाचं नाव आधी लिहितो, मग बाकीचं. या अंकासाठी लिहायला सांगितल्यापासून मला एकच काळजी लागून राहिली होती, की लिहिता लिहिता गडबडीत तिचं नाव मागं राहील आणि वाचणारे समजतील, हे सगळं हा गडी आपलं आपणच शिकला. तसं काही नाही. मी आठवीत शाळा सुटलेला माणूस. माझं गाव वाशीम जिल्ह्यात, इथून तिथं जायचं म्हणजे निम्म्याहून जास्त महाराष्ट्र ओलांडावा लागतो. ऊसतोडीच्या टोळीबरोबर निपाणीकडं आलो, तिथं कावीळ झाली. टोळी पुढच्या फडावर गेली आणि मी एका बांधावर बाभळीखाली राहिलो. शेजारच्या रानात लगमव्वा धनगरणीची मेंढरं बसली होती. तिनं मला ताकातली आंबील पाजली. उठून बसता यायला लागल्यावर हातात काठी दिली आणि म्हणाली, "बसून खातोस तवर मेंढरांकडं तरी बघ."

तेव्हा मी पंचविशीच्या आत-बाहेर असेन. ते बघणं अजून चालू आहे.

माझं काम शहरातल्या माणसाला सांगायला गेलं की तो आधी हसतो. मी शेतं ठरवतो. विकत घ्यायला नव्हे, मेंढरं बसवायला. पीक निघून रान मोकळं झालं की मेंढरांचा कळप काही दिवस त्यात मुक्कामाला ठेवायचा. लेंडी-मूत जागच्या जागी पडतं, रान खतावतं, पुढचं पीक जोमानं येतं. निपाणीकडचे तंबाखूवाले तर मेंढराच्या खताशिवाय दुसरं नावच घेत नाहीत. शेतकरी त्याबदल्यात धान्य देतो, पैसे देतो. पण कळप आधी नेऊन मग शेत शोधत बसलं तर जनावरं उपाशी मरतील. म्हणून एक माणूस कळपाच्या पुढं जातो. पाणी कुठं आहे, शेजाऱ्याची उभी पिकं किती जवळ आहेत, मालक भांडखोर आहे का, हे बघतो आणि बोली करून येतो. तो माणूस मी. आधी चालत जायचो, मग सायकलीवरून, आता मोटारसायकल आहे. चिकोडी-निपाणीपासून हिंडलगा, पिरनवाडीपर्यंतचे बांध मला माझ्या गावच्या गल्ल्यांपेक्षा जास्त ओळखीचे झालेत.

शेतकऱ्याशी बोलताना एक प्रश्न ठरलेला असायचा. पाणी, पैसे, दिवस सगळं बोलून झालं की तो जरा घुटमळायचा आणि विचारायचा, "तुमच्या मागनं त्यो येतो का?"

पहिल्यांदा मला वाटलं, पोलिसांबद्दल विचारतायत का काय. मग कळलं, लांडग्याबद्दल बोलतायत. मोठ्या कळपाच्या मागं लांडगा असतोच, हे इथं सगळ्यांना ठाऊक. खोटं बोलावं की खरं, हे मला कळेना. भीत भीत मी म्हणालो, "येतो कधी कधी." आणि तो हिंडलग्याचा म्हातारा खूश! "मग चार दिस जादा बसवा," म्हणाला. लांडगा फिरून गेलेल्या रानात रानडुक्कर पाय ठेवत नाही, असा त्याचा हिशेब. दुसरा एक असा भेटला की त्यानं नाव ऐकताच दार लावून घेतलं. एका बाईनं मला लांडग्याचा केस मागितला, पाळण्याला बांधायला, म्हणजे पोर झोपेत दचकत नाही म्हणे. मी म्हणालो, "मावशी, केस काढून आणायला त्याच्याजवळ जावं लागंल." तर म्हणते, "मग तू कशाला हाईस?"

कोण म्हणायचं, शेत ठरवायला निघताना लांडगा आडवा गेला की बोली फिसकटत नाही. कोण म्हणायचं, तो समोरासमोर भेटलाच तर घोंगडं खांद्यावरून काढून हातावर घ्यायचं, पळायचं नाही, ओरडायचं नाही. घोंगडं दिसलं की तो ओळखतो. काय ओळखतो? ते कुणी सांगेना. मेंढरं भातरानात बसवता येतील का ते बघायला मी जांबोटीच्या बाजूला गेलो, तर तिथली माणसं मलाच लांडग्याची गोष्ट विचारायला लागली. तिथल्या दाट रानात बिबट्या आहे, गवा आहे, पण लांडगा मोकळ्या माळाचा प्राणी. तो त्यांनी पाहिलेलाच नाही. माझ्या मनात हे सगळं साठत गेलं. एकाच जनावराला कोण पिकाची राखण करायला बोलावतो, कोण पोराच्या पाळण्याला बांधतो, आणि ज्यांची कोकरं तो नेतो ती लगमव्वाची माणसं मात्र त्याचं नावसुद्धा घेत नाहीत, हे कसं?

खरंच घेत नाहीत. त्यांच्यात दोन-चार घरांची माणसं, मेंढरं, घोडी, कुत्री मिळून जो फिरता संसार होतो त्याला वाडा म्हणतात. वाड्यावर लांडग्याला लांडगा म्हणायचं नाही, त्याचं कन्नड नावही काढायचं नाही. 'धाकला' म्हणायचं. मेंढरं बुजली की, "धाकला आलाय बघ."

एका दुपारी मेंढरं सावलीला उभी होती, आक्का सूत कातत होती. वाड्यावर सगळे लगमव्वाला आक्काच म्हणत, मीही. मी विचारलं, "आक्का, धाकला कुणाचा?"

"आमचाच की."

"म्हणजे?"

"तीन भाऊ हुतं," ती म्हणाली. हात सुतावरच. "बा मेला. वाटणीला बसलं. थोरल्यानं जमीन घेतली, त्यो शेतकरी झाला. मधल्यानं मेंढरं घेतली, त्यो आमी. धाकला त्या टायमाला रानात गेलता. परत येतोय तर वाटणी सपलेली. म्हणाला, माझं काय? थोरला म्हणाला, माझी जमीन मोजून झाली. मधल्याला लाज वाटली. म्हणाला, माझ्या डोळ्यांदेखत जेवढं नेशील तेवढं तुजं. तवापासनं त्यो डोळ्यांदेखत नेतोय."

"आणि तुम्ही नेऊ देता?"

"नेऊ कसं देणार? मेंढरं आमची न्हाईत का? आमी हाकारणार, कुत्री सोडणार, धोंडं मारणार. त्यो बी नेणार. भावाभावांचं आसंच आस्तंय की. पर एक हाय. त्याच्या घरावर जायचं न्हाय. बाहीर काय बी कर. घरावर न्हाय."

मी मनात आलं ते विचारलं, "आक्का, बहीण नव्हती का त्यांना?"

तिनं सुताची चाती थांबवून माझ्याकडं बघितलं. "भईन सासरी गेली. तिनं वाटा मागितलाच न्हाय, म्हणून तिची गोष्ट बी झाली न्हाय."

मग स्वतःच हसली आणि मला म्हणाली, "ऊठ, पाणी दाव जनावरांना. लई शाणा झालास वऱ्हाड्या."

ती विधवा होती. वाड्यात निम्मी मेंढरं तिच्या नवऱ्याची, निम्मी त्याच्या भावाची. तो भाऊही गेला होता आणि त्याचा मुलगा बिरू आता कर्ता झाला होता. बिरू तिला काकू म्हणायचा. कामाला वाघ, तोंडानं तिखट. मी परका, आणि कळपाच्या पुढं जाण्याचं विश्वासाचं काम आक्कानं मला दिलं, हे त्याला कधी रुचलं नाही. "तुजा वऱ्हाडी आपल्याला एक दिवस हिरीत नेऊन बसवंल," असं तो तिला माझ्यासमोर म्हणायचा. मी हसायचो आणि मनात घाबरायचो. कारण हे काम गेलं असतं तर मला जायला जागा नव्हती. मी आम्हा भावांत सगळ्यांत धाकटा. मी ऊस तोडत होतो तेव्हा घरी भावांनी जमीन वाटून घेतली होती. वाईट माणसं नव्हती ती. मी समोर नव्हतो, एवढंच.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगतो.

निपाणीच्या पुढं नेमाण्णा म्हणून एक जैन शेतकरी होते. तंबाखू काढून झाली होती. त्यांचं रान पाण्याजवळ आणि कडेला मोठा खडकाळ माळ, म्हणजे दिवसा चरायला फुकट. असं शेत मिळालं म्हणून मी खूश होतो. महिन्याभराच्या मुक्कामाची बोली झाली. उठताना नेमाण्णा म्हणाले, "माळावर पोरं कुठंबी खणत-बिणत फिरू देऊ नका." मला वाटलं, साप असतील.

वाडा येऊन बसला. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी घोडीसाठी गवत बघत मी माळावर गेलो. एका जुन्या दगडाच्या खाणीच्या पलीकडं, घाणेरीच्या जाळीखाली माती उकरलेली दिसली. मी थांबलो. बिळाच्या तोंडाशी ऊन होतं आणि उन्हात चार पिल्लं एकमेकांचे कान ओढत होती. मातीच्या रंगाची, डोकी अंगापेक्षा मोठी. त्यातलं एक कडेला कुणाच्यातरी कोकराच्या वाळल्या खुराशी खेळत होतं. मला भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. इतकी वर्षं ज्याच्याबद्दल लोक बोलत होते त्याच्या घरासमोर मी उभा होतो, आणि ते घर असं, ज्यात पोरं भांडतायत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत गेलो. तिसऱ्या दिवशीही. लांबून, वाऱ्याच्या उलट बाजूनं. मोठी मादी एकदा दिसली. तिनं मला पाहिलं, पिल्लांकडं पाहिलं, बसून राहिली. घोंगडं माझ्या खांद्यावर होतं. ते हातावर घ्यायचं ध्यानातच राहिलं नाही.

आक्काला तेवढं सांगितलं. ती म्हणाली, "बिर्‍याला बोलू नको," आणि कोकरांच्या कुंपणाचं जाळं आतल्या बाजूला हलवलं.

त्याच आठवड्यात पहिलं कोकरू गेलं. भरदुपारी. माळाच्या चढावर एक लांडगा उघड्यावर येऊन उभा राहिला, कुत्र्यांना दिसेल असा. कुत्री भुंकत त्याच्या मागं. आम्हीही तिकडंच धावलो. तेवढ्यात दुसरा ओढ्यातून येऊन कोकरू घेऊन गेला. डोळ्यांदेखत, अगदी गोष्टीत सांगितल्यासारखं. दोन दिवसांनी तसंच दुसरं गेलं, आणि ते बिरूच्या बायकोनं हातानं दूध पाजून जगवलेलं होतं. ती बांधावर बसून रडली. तिचं रडणं ऐकताना मला पिल्लं आठवली आणि कुणाची बाजू घ्यावी ते कळेना.

बिरू सरळ माझ्याकडं आला. "ह्या जागंवर कुणी आणलं आमाला?"

"मी."

"रोज दुपारनं खाणीकडं कशाला जातोस?"

मला खोटं बोलता येत नाही. बोललो तर तोंड पांढरं पडतं.

"त्याचं घर घावलंय तुला. दाव."

"बिरू, आक्का म्हणते..."

"काकू काय म्हणती ते मला ठावं हाय. कोकरू तिच्या मांडीवरचं गेलं न्हाय, माझ्या बायकोच्या मांडीवरचं गेलं. घर दाव, न्हायतर आपली वाट धर. सांजच्या आत."

घर दाखवलं असतं तर काय झालं असतं हे सांगायला नको. बिळाच्या तोंडाशी मिरच्यांचा धूर करतात, वर दगड लावतात. बिरू मिरच्या मागायला नेमाण्णांच्या घरी गेलाच. मी मागोमाग गेलो, कारण तिथं काय होतंय ते बघितल्याशिवाय राहवेना.

नेमाण्णा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "वाळली मिरची? किती माणसांचं जेवण हाय?"

"जेवाय न्हवं अण्णा. धूर कराय."

"मग न्हाय." ते जागचे हलले नाहीत. "माझ्या दारात मिरची खायला मिळंल. माझ्या जमिनीत कुणाच्या पोरांना धूर लावायला न्हाय. मेंढरं घेऊन जायचं आसंल तर जावा, मी बोलीचं सगळं देतो."

बिरू परतला तो आणखी पेटून. मिरच्या गावात कुठंही मिळाल्या असत्या. त्याला जागा हवी होती, आणि जागा माझ्या पोटात होती. ऊन उतरायला लागलं तसं मी माझी पिशवी भरायला घेतली. कपडे दोन, घोंगडं आक्काचं. ते घ्यावं की ठेवावं, यावरच मी अडून बसलो होतो.

आक्का आली. तिनं पिशवी बघितली. बाहेर जाऊन बिरूला म्हणाली, "घरावर जायचं न्हाय, ही आपल्या वाड्याची बोली. ती मोडायची आसंल तर तुजा वाडा येगळा. वाटणी कर."

बिरू उठून उभा राहिला.

"एका परक्यासाठी काकू?"

"परक्यासाठी कशाला? माझा वाटा मागतीय मी. तुज्या काकाचा म्हण पायजे तर. मागितला नव्हता अजून, आता मागते."

धनगरांची वाटणी कागदावर होत नाही. मेंढरांभोवती रात्री जाळीचं कुंपण लावतात, त्याला वाघर म्हणतात. वाघरीत सगळी मेंढरं घातली, एका बाजूला फट ठेवली आणि एकेक बाहेर सोडायला सुरुवात केली. पहिलं डावीकडं, दुसरं उजवीकडं, पुन्हा डावीकडं. निवड करायची नाही, नाव घेऊन अडवायचं नाही. ज्याच्या बाजूला जे गेलं ते त्याचं. आक्काच्या लाडक्या मेंढ्या बिरूकडं गेल्या, बिरूचा मेंढा आक्काकडं आला. बिरूची बायको एका बाजूला उभी राहून डोळे पुसत होती. ती बिरूकडंच उभी होती, पण बघत होती आक्काकडं. नेमाण्णाही बांधावर येऊन उभे राहिले होते.

शेवटी वाघरीत एकच जनावर राहिलं. हे मला ठाऊक नव्हतं: वाटणीत शेवटी राहील ते कुणाचंच नसतं. त्याला धाकल्याचा वाटा म्हणतात. ते माळावर सोडून द्यायचं, राखायचं नाही. आणि शेवटी राहतं ते बहुतेक लंगडं किंवा आजारी, कारण धडधाकट मेंढरं आधी बाहेर पडतात. धाकल्याच्या नशिबी पुन्हा तेच. या वेळेला राहिली होती एक काळी पाठ, म्हणजे वर्षाच्या आतली मेंढी, मागचा पाय ओढणारी.

"सोड तिला माळावर," बिरू म्हणाला.

आक्कानं फट बंद केली. माझ्याकडं बोट केलं. "ही ह्याला द्या."

बिरू हसला. त्या दिवसातलं त्याचं पहिलंच हसू. "ह्यो धाकला?"

"घर न्हाय, जमीन न्हाय. वाटणीच्या टायमाला ह्याला कुणी हाक मारली न्हाय. आजून काय पायजे?"

नेमाण्णांनी मान हलवली, ती होकाराची होती की नवलाची ते मला आजही सांगता येत नाही. मला वाघरीत शिरून ती पाठ उचलायला लावली. तिचं काळीज माझ्या हाताला लागत होतं. मी विचारलं, "आक्का, हिला राखायची का सोडायची?"

"खायाची आसंल तर खा, राखायची आसंल तर राख. धाकल्याला कोण शिकवणार?"

सकाळी बिरूचा वाडा निघून गेला. जाताना त्यानं आक्काच्या पायाला हात लावला आणि माझ्याकडं बघितलंही नाही. आम्ही बोलीचा मुक्काम तिथंच पुरा केला. आणखी एक कोकरू गेलं, आक्काचं. तिनं धोंडा भिरकावला, चांगली कचकचून शिवी घातली आणि कामाला लागली. मुक्काम संपायच्या सुमारास मी खाणीकडं गेलो तेव्हा बिळापाशी कुणी नव्हतं. पिल्लं मोठी होऊन गेली असतील. घाणेरीला फुलं आली होती.

मी ती पाठ राखली. पाय ओढतच ती मोठी झाली, व्याली. आज माझ्या कळपात जी काळी मेंढरं आहेत ती तिच्या वंशातली. त्यातलं एखादं धाकला नेतो तेव्हा मीही धोंडे मारतो आणि शिव्या घालतो. पण घरी येऊन हिशेब मांडायला बसत नाही. गोष्टीचा अर्थ काय, असं मला एकदा शहरातून आलेल्या एका मुलीनं विचारलं. ती जुन्या कथा गोळा करत होती. मला नीट सांगता आलं नाही. मला एवढंच वाटतं, की ज्यांनी ही गोष्ट रचली त्यांना लांडगा वाईट आहे का चांगला, हे ठरवायचंच नव्हतं. वाटणीच्या वेळी जो समोर नव्हता त्याचं पुढं काय झालं, हा घोर त्यांच्या मनाला लागला असणार. रानात कुणी ओरडलं की त्यांना तोच वाटायचा.

आता निपाणीकडची बरीच माळरानं ओलिताखाली आली, ऊस आला. पिरनवाडीकडं ज्या रानात मी मेंढरं बसवायचो तिथं प्लॉट पडले, तारेची कुंपणं झाली. शेतकरी अजून लेंडीखताला विचारतात, पण "तुमच्या मागनं त्यो येतो का," असं हल्ली क्वचितच कुणी विचारतं. विचारलं की मला बरं वाटतं.

आक्का थकली. पिरनवाडीत मुलीच्या घरी असते, पायऱ्या उतरवत नाहीत. मी गेलो की पहिला प्रश्न, "बिर्‍याचा वाडा कुटं बसलाय?" बिरू निपाणीकडंच असतो. त्याचीही शेतं आता मीच ठरवतो. गडी चांगला मिळत नाही म्हणून एक दिवस त्यानं स्वतः फोन केला. फोन ठेवताना तो विचारतो, "म्हातारी जेवती का?" आणि मी उत्तर देईपर्यंत ठेवून देतो. त्या वाटणीपासून दोघं भेटलेले नाहीत. इतकी वर्षं मी दोन्ही वाड्यांच्या वाटा अशा आखत आलो, की त्यांची गाठ पडू नये. मला भांडणाची भीती वाटते, म्हणून. त्या संध्याकाळी ज्या बाईनं माझ्यासाठी आपला वाडा फोडला, तिचं मी एवढंच राखलं.

म्हणून हे लिहून ठेवतो, म्हणजे मला मागं सरता येणार नाही. आक्का, तू आहेस तोवर एक शेत मी असं ठरवीन की मालक मोठ्या मनाचा, पाणी जवळ, कडेला मोकळा माळ, आणि दोन वाड्यांची मेंढरं एका वाघरीत मावतील एवढं रान. बिरूला एका बाजूनं आणीन. तुला पिरनवाडीहून गाडीतून मी स्वतः आणीन आणि उचलून बांधावर बसवीन. पुढं तुम्ही भांडा नाहीतर जेवा.